नेम संकष्टीवर, फोटो एकादशीचा

आमच्या घरात एक रुसवा १९८१ पासून चालू आहे. आईबाबांच्या लग्नात फोटो मोठ्या काकांनी काढले होते. अंतरपाट नुकताच दूर झालाय, आईच्या हातात हार आहे, अंगावर शालू आहे आणि चेहऱ्यावर कुणीतरी दुधाची साय पसरल्यासारखं दिसतंय. तिच्या मागे फूटभर अंतरावर उभ्या असलेल्या मोठ्या काकू मात्र लख्ख. मंगळसूत्रातले मणी मोजून घ्यावेत इतक्या लख्ख. "माझ्या लग्नातही भाऊजींना स्वतःची बायकोच दिसली," हे वाक्य मी बाराखडीच्या आधी शिकलो असेन.

ज्या कॅमेऱ्याने हा पराक्रम केला तो झोर्की-४. काका १९६८ साली भिलाईच्या पोलाद कारखान्यात लागले. तिथली पहिली झोतभट्टी सोव्हिएत मदतीने १९५९ मध्ये पेटली होती आणि काकांच्या काळातही रशियन इंजिनियर टाउनशिपमध्ये येऊन-जाऊन असत. त्यांतल्या एकाने मायदेशी परतताना सामान विकायला काढलं, तेव्हा काकांनी साडेतीनशे रुपये मोजून हा कॅमेरा घेतला. पगाराच्या मानाने ही रक्कम एवढी होती की काकूंना तिचा खरा आकडा दहा वर्षांनी कळला.

परवा काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेली असताना त्यांनी कपाटातून ती चामडी पेटी काढली आणि माझ्या हातात दिली. "घे. याच्याही डोळ्यात मोतीबिंदू झाला आहे. तुले जमलं तर पाय."

झोर्की या रशियन शब्दाचा अर्थ तीक्ष्ण नजरेचा. लेन्स उजेडाकडे धरली तर आत नागपूरच्या डिसेंबरातली पहाट. फोकसची रिंग फिरवायला गेलो तर आख्खी लेन्सच कॅमेऱ्यातून निघून हातात आली, रिंग जागची हलली नाही.

लेन्सचं नाव ज्युपिटर-८. क्रमांक ६६ ने सुरू होतो, म्हणजे जन्म १९६६ चा. पुढच्या कडेवर लाल रंगात मधली दांडी उडालेल्या स्टंपसारखं एक रशियन अक्षर असतं. काचेवर थर चढवलेला आहे, अशी ती खूण. मूळ रचना जर्मनांची, झाइस कंपनीच्या सोन्नार लेन्सची. महायुद्ध संपल्यावर भरपाई म्हणून झाइसची यंत्रं, काच आणि नकाशे रशियात गेले आणि मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमध्ये त्याच सहा काचा तीन गटांत बसवून ज्युपिटर तयार होऊ लागली. आता हे सगळं मला पाठ आहे. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की लेन्सला स्क्रू आहेत, आणि ज्याला स्क्रू असतात ते उघडता येतं.

ती उघडायला दोन टोकांचा खास पाना लागतो. मी मुलीच्या कंपासपेटीतलं कर्कटक घेतलं. रिंगवरच्या दोन खाचांत दोन टोकं घालून फिरवायचं, एवढंच तर काम. पहिल्याच हिसक्याला कर्कटक सटकलं आणि नावातल्या आठवर एक ओरखडा उमटला. काच वाचली ती पूर्वजांच्या पुण्याईने. मग तासभर शहाण्यासारखा वागलो. लायटरचं पेट्रोल थेंब-थेंब सोडलं, वाट पाहिली, आणि ज्युपिटर पोळपाटावर सुटी झाली. पोळपाटावर, कारण त्याला कड नसली तरी बायको तो दिवसातून दोनदा मागते, त्यामुळे काम वेळेत संपवायचा धाक राहतो.

आतलं ग्रीस वाळून चपलेच्या गमासारखं झालं होतं, आणि त्यातून सुटलेलं तेल उजेड कमी-जास्त करणाऱ्या पाकळ्यांवर चढून बसलं होतं. त्याचाच धूर काचेवर. रशियाच्या थंडीसाठी बनवलेल्या वंगणाने भिलाईचे आणि नागपूरचे पन्नासेक मे महिने काढले होते, आणखी काय होणार. धुतलं, पुसलं, काचा अशा चमकल्या की मीच मला सहा वेळा दिसलो.

खरा भोग पुढे होता. फोकसच्या नळीला आत जे आटे असतात ते साध्या स्क्रूसारखे एकेरी नसतात, बरणीच्या झाकणासारखे अनेक ठिकाणी धरतात. बरणीचं झाकण कुठूनही लागलं तरी लोणचं टिकतं. इथे मात्र जिथून सुटलं तिथूनच लागलं पाहिजे, नाहीतर रिंग अनंतापर्यंत, म्हणजे सगळ्यात लांबच्या फोकसपर्यंत, पोचायच्या आधीच थांबते, किंवा पोचून पुढे निघून जाते. जाणकार माणूस सोडवताना त्या जागी पेन्सिलने खूण करतो. मी खूण केली होती. मग ती लायटरच्या पेट्रोलने स्वच्छ पुसून काढली होती. चौथ्या प्रयत्नाला आटे धरले तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता आणि मोहरीएवढा एक स्क्रू कमी होता. तो मिळाला, पण कुठे मिळाला यामुळे आजही बायको फोडणीआधी मिसळणाच्या डब्यावरून लोहचुंबक फिरवते. मला ऐकू जाईल अशा बेताने फिरवते.

आता परीक्षा. रोल घालून, धुवून आणून चूक शोधायची म्हणजे दर चुकीला आठवडा आणि हजारभर रुपये. त्यापेक्षा सोपी युक्ती आहे. झोर्कीची पाठ पूर्ण निघते. फिल्म जिथे टेकते त्या पट्ट्यांवर बटर पेपर ताणून चिकटवायचा, शटर उघडं ठेवायचं, लेन्सच्या पाकळ्या पूर्ण उघडायच्या आणि भिंगाने कागदावरची उलटी प्रतिमा बघायची. समोर बारीक अक्षरांचं काहीतरी तिरपं ठेवायचं. आमच्या घरात बारीक अक्षरांचा दांडगा पुरवठा एकाच ठिकाणी, कालनिर्णय. जेवणाच्या टेबलावर ते आडवं अंथरलं, एका मीटरवर कॅमेरा बसवला आणि रेंजफाइंडरच्या खिडकीत डोळा लावला. या कॅमेऱ्यात फोकस म्हणजे एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात आणि रिंग फिरवून त्या एकावर एक आणायच्या. संकष्टीच्या चौकोनावर आणल्या. चंद्रोदयाची वेळसुद्धा जुळली.

बटर पेपरवर पाहिलं तर संकष्टी धुक्यात आणि शेजारच्या चौकोनातली एकादशी खणखणीत.

पुन्हा केलं, पुन्हा एकादशी. बायको म्हणाली, "उपास घडवायचाच असेल तर साबुदाणा भिजवते, एवढा खटाटोप कशाला?"

चूक कुणाची हे शोधायला कॅमेरा घेऊन गच्चीवर गेलो. सेमिनरी हिल्सवरचा टीव्ही टॉवर म्हणजे आमच्यासाठी अनंत. रिंग अनंताच्या खुणेवर, खिडकीत टॉवरच्या दोन्ही प्रतिमा अगदी एकजीव. म्हणजे रेंजफाइंडर निर्दोष. बटर पेपरवर मात्र टॉवरचं बुजगावणं झालेलं. त्यावर मी काय करावं? निर्दोष असलेला रेंजफाइंडरच पिळला. रोगी सोडून थर्मामीटरला औषध पाजलं. त्यामुळे एका मीटरवर थोडंफार जमलं, पण टॉवर खिडकीत जुळा झाला. दोन दिवस पिळल्यावर तो मुकाट्याने पहिल्या जागी आणला.

मग वाचन केलं, जे आधी करायचं असतं. काचांचा गाभा आणि फोकसची नळी यांच्यामध्ये एक पातळ चकती असते. प्रत्येक लेन्सची काच केसभर वेगळी, म्हणून चकतीची जाडीही ज्याची त्याला. रेंजफाइंडर चालवते नळी आणि फोटो काढतो गाभा. त्या दोघांचं एकमत घडवून आणणारा मध्यस्थ म्हणजे ही चकती. ती नसली की गाभा फिल्मच्या जास्त जवळ जाऊन बसतो आणि दाखवल्यापेक्षा मागचं काहीतरी स्पष्ट येतं. एका दशांश मिलिमीटरची चूक एका मीटरवर तीन-एक सेंटीमीटर होते. (या रशियन लेन्स लायका या जर्मन कॅमेऱ्यावर लावून जवळचे फोटो हुकतात म्हणून बोटं मोडणारे वेगळेच. तिथे भांडण चकतीचं नसतं. लायकाचा रेंजफाइंडर ५१.६ मिमीच्या लेन्सचा हिशेब धरतो आणि रशियन गणित ५२.४ चं असतं. अंगावर मात्र दोघींच्याही पाचच सेंटीमीटर कोरलेलं.)

माझ्या पोळपाटावर चकती नव्हती. म्हणजे मी हरवली. केर तपासला, चिंध्या झटकल्या, तेलाला चिकटून गेली असेल म्हणून कचऱ्याची पिशवी गॅलरीत पालथी केली. आई हे दृश्य बघत बसली होती. "काकांची वस्तू आहे, जपून वापर म्हटलं होतं," ती म्हणाली. एरवी ती काकांची वकिली कधी करत नाही.

नवी चकती करायला बीअरचा रिकामा कॅन उत्तम, त्याचा पत्रा दशांश मिलिमीटरच्या आसपास भरतो. कॅन मिळवणं अवघड नव्हतं. सकाळी अकरा वाजता, आईच्या देखत, जेवणाच्या टेबलावर तो कात्रीने कापणं अवघड होतं. एक चकती लावली, स्पष्टता एकादशीवरून नवमीपर्यंत सरकली असावी असं वाटलं. दोन लावल्या, तर संकष्टी ओलांडून अलीकडे आली. एक लावली तर कमी, दोन लावल्या तर जास्त. माझा धीर सुटला आणि कबुलीजबाब द्यायला काकांकडे गेलो.

काकांनी ऐकून घेतलं आणि विषय बदलून जुना अल्बम काढला. नवा डोळा आल्यापासून ते रोज अल्बम बघतात. भिलाईचे फोटो पाहून मी चाट पडलो. १९७२, १९७५, मैत्रीबाग, सायकली, काकू कडेवर ताई घेऊन. ज्याच्यावर नेम, तोच स्पष्ट. पुढच्या पानापासून काहीतरी बिघडलं होतं. बाबांचा साखरपुडा, मागची पडद्याची कडी स्पष्ट. लग्न, मोठ्या काकू स्पष्ट. माझं बारसं, पाळण्यात एक ढग आणि ढगामागे भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून वीस मिनिटं.

"काका, तुम्ही ही लेन्स कधी खोलली होती?"

काकांनी चष्मा काढून पुसला. आता त्यांना चष्मा लागत नाही.

"एकोणऐंशीत. बुरशी आली होती आतमधी. सप्पा साफ केली म्या. एक चकती उरली होती." थोडं थांबून म्हणाले, "मले वाटलं, रशियन लोक एखादी जास्तीची टाकून देत असतील."

"आणि कुठे आहे ती?"

"फेकीन कायले? बॅटरीची काच वाजत होती, तिच्या खाली बसवली. आवाज बंद झाला ना लगेच."

बॅटरी, म्हणजे दोन सेलची पितळी टॉर्च, माळ्यावर होती. मी स्टुलावर, काका खाली स्टूल धरून, आणि काकू दोघांना धरून. टॉर्चचं तोंड उघडलं. काचेखाली काळवंडलेली, कडेला हिरवट झालेली एक चकती निवांत बसली होती. घरी आणून पुसली, व्हर्निअरमध्ये धरली. पंधरा शतांश मिलिमीटर.

लावली. कालनिर्णय अंथरलं. खिडकीत संकष्टी, कागदावर संकष्टी. टॉवरही आपल्या मूळ हाडापेरासकट उभा राहिला.

मग मी आईला बोलावून टेबलाशी बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. गाभा, नळी, चकती, फूटभर मागे का गेलं, सगळं. झाइसच्या लेन्सशास्त्रज्ञांनाही पटलं असतं. भाऊजींनी नेम तुझ्यावरच धरला होता, हे मी दोनदा म्हणालो. आईने चकतीविना काढलेल्या त्या फोटोकडे बराच वेळ पाहिलं.

"बरं," ती म्हणाली. "पण मग फोटो धुऊन आल्यावर दिसलं नाही का त्यांना? दोन वर्षं सगळं मागचंच येतंय, हे कळायला शास्त्र लागतं?"

रविवारी काका-काकू जेवायला आले. आई शालू नेसून बसली, कारण तिचं म्हणणं पडलं की काढायचाच तर तोच काढा. काकांनी आधी शटर ओढलं आणि मग गती लावली. झोर्कीत हा क्रम उलटा झाला तर यंत्र बिघडतं, हे ते इतक्या वर्षांत विसरलेले नाहीत. लेन्सच्या पाकळ्या पूर्ण उघडल्या, एक मीटरवरून आईवर नेम धरला. काकू सवयीने मागे जाऊन उभ्या राहत होत्या, त्यांना बाबांनी दंडाला धरून बाजूला केलं.

जेवण झाल्यावर काकांनी पिशवीतून टॉर्च काढली आणि माझ्या कानाशी धरून हलवली. खुळखुळ, खुळखुळ.

"ऐकू येते ना? आता याचं काय करशीन?"

मी ड्रॉवर उघडला आणि बीअरच्या कॅनच्या दोन्ही चकत्या त्यांच्यापुढे ठेवल्या. काकांनी एक उचलली, उजेडात धरून तिच्यावरची छपाई वाचली आणि हळूच आईकडे पाठ केली.

"दोनीही दे," ते म्हणाले. "घट्ट बसन."