उगवू नका, उगवत राहा

तुम्ही इंजिनियरिंग कॉलेजात प्राध्यापक असाल, भोसरीत चार सीएनसी मशीनं टाकून बसला असाल किंवा नुकतीच स्टार्टअप काढून व्हिजिटिंग कार्डावर 'संस्थापक' छापून घेतलं असेल, तर अभिनंदन. देशाच्या संरक्षणाला तुमची गरज आहे. ताटही वाढून ठेवलंय. २०१८ पासून संरक्षणातल्या नव्या कल्पनांना पैसे देणारी 'आयडेक्स' योजना आहे. डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेच्या तंत्रज्ञान विकास निधीतून एका प्रकल्पाला ५० कोटींपर्यंत मदत मिळू शकते. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात तर संरक्षण संशोधनाचा २५ टक्के पैसा उद्योग, स्टार्टअप आणि शिक्षणसंस्थांसाठी राखल्याचं जाहीर झालं. आता हात धुऊन पाटावर बसायचं. फक्त जेवायची घाई करायची नाही.

कारण हे सगळं आहे 'उदयोन्मुख तंत्रज्ञाना'साठी. हा शब्द जरा फोडून वाचा. उदय झालेलं नव्हे, उदयाकडे तोंड करून बसलेलं. ते उगवलं की तुमचा प्रकल्प संपला, निधी संपला आणि बैठकीतली काजूची बशीही संपली. तंत्रज्ञान किती पिकलंय हे मोजायला १ ते ९ अशी एक पट्टी असते, टीआरएल म्हणतात तिला. १ म्हणजे कागदावरचं तत्त्व, ९ म्हणजे प्रत्यक्ष कामगिरीत चालून दाखवलेलं यंत्र. जाणकार लोक ६ वर बिऱ्हाड करतात. ५ वर राहिलात तर लोक हसतात आणि ७ वर गेलात की कुणीतरी गणवेशातला माणूस 'मग देताय कधी?' असं विचारतो.

पहिलं काम बारशाचं. यंत्र नसलं तरी चालेल, नाव संस्कृत हवं. १९८३ साली सुरू झालेल्या क्षेपणास्त्र कार्यक्रमात पाच नावं होती: पृथ्वी, अग्नी, आकाश, त्रिशूळ आणि नाग. पैकी पृथ्वी आणि अग्नी उतावीळ निघाली, १९८८ आणि १९८९ मध्येच उडून मोकळी झाली. शिकायचं ते नागाकडून. रणगाडे फोडणाऱ्या या क्षेपणास्त्राच्या, चेनच्या गाडीवर बसवलेल्या प्रणालीचा खरेदी करार २०२५ च्या मार्चमध्ये झाला. वारुळातून बाहेर यायला ४२ वर्षं. दरम्यान किती नागपंचम्या झाल्या मोजा.

मग सामंजस्य करार. एकट्यानं संशोधन करणं धोक्याचं, कारण ते फसलं तर कुणी फसवलं हे लगेच कळतं. म्हणून सहयोग. एक प्रयोगशाळा, एक आयआयटी, दोन कारखाने, एक स्टार्टअप आणि जमल्यास एखादं परदेशी विद्यापीठ, म्हणजे बॅनरवर बोधचिन्हांची रांग चांगली दिसते. शाल, श्रीफळ, फोटो. महाराष्ट्रातल्या माणसाला सहकार शिकवायला नको. कारखाना सगळ्यांचा आणि तोटा कुणाचाच नाही, हे बाळकडू आपल्याला मिळालेलंच आहे. त्यानंतर आढावा समिती, तिचं काम पाहायला देखरेख समिती, आणि दोघींच्या बैठकीची तारीख ठरवायला तिसरी. घोंगडं नीट भिजलं पाहिजे.

आता अटी. ज्यांनी वापरायचं, त्यांनी आधी सांगायचं की काय हवं, अशी रीत आहे, आणि सांगताना हात आखडता घ्यायचा नाही. २०११ साली लष्करासाठी एका रायफलीची निविदा निघाली. तिची नळी बदलली की एकाच रायफलीतून दोन वेगवेगळ्या मापांच्या गोळ्या सुटायला हव्या होत्या. २०१५ मध्ये ती निविदा रद्द झाली, कारण त्या वर्णनात बसणारी रायफल कुणाकडेच नव्हती. असल्या अटी कॉमिक्समधून उचलल्यासारख्या वाटतात, अशा अर्थाचं तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर बोलून गेले होते. गोव्याचा माणूस, त्यात आयआयटीतला इंजिनियर. त्यांना काव्याची आवड नसावी. पुढे काय झालं? अमेठीत रशियाच्या सोबतीनं एके-२०३ बनवायचं ठरलं. एकच नळी, एकच गोळी, आणि मूळ वंशावळ १९४७ ची. तुम्ही मात्र वधूवर सूचक मंडळातल्या जाहिरातीसारख्याच अटी लिहा: गोरी, सुशिक्षित, नोकरी करणारी, घरकामाची आवड असलेली, वजन साडेतीन किलो.

इंजिनाचं प्रकरण मात्र सावकाश वाचा, इथे मोठमोठे गुरू होऊन गेलेत. विमान आपलं, इंजिनही आपलंच, असा निश्चय करून १९८९ मध्ये कावेरी इंजिनाला ३८२ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. लढाऊ विमानाचं जेट इंजिन हे जगातल्या अवघड कामांपैकी एक. आतला वायू इतका तापतो की पात्याचा धातू त्यात वितळायला हवा. म्हणून पातं एकाच स्फटिकातून ओतायचं आणि त्याच्या पोटात हवा खेळवून ते गार ठेवायचं. हे तंत्र मोजक्या देशांकडे आहे आणि लोणच्याच्या पाककृतीसारखं ते कुणी कुणाला सांगत नाही. आपले लोक झटले, नाही असं नाही. पण २००८ मध्ये कावेरी आणि तेजस, म्हणजे ज्यासाठी ते इंजिन होतं ते आपलं हलकं लढाऊ विमान, यांची फारकत झाली. तेजसमध्ये अमेरिकी इंजिन आधीपासून होतंच, तेच कायम झालं. मग २०२१ मध्ये तेजसच्या नव्या आवृत्तीसाठी ९९ इंजिनांची मागणी नोंदवली. त्यातलं पहिलं आलं २०२५ च्या मार्चमध्ये. तोवर विमानं गॅरेजमध्ये, हवाई दल खिडकीत. आपल्या मळ्याला शेजाऱ्याच्या विहिरीवरून पाणी आणण्याचा एक मोठा फायदा असतो: पीक जळालं तर नाव शेजाऱ्याचं.

शेजारी कसा वागतो हे आपल्याला माहीत नव्हतं असंही नाही. मे १९९८ मध्ये पोखरणला स्फोट झाले, तेव्हा तेजसच्या उड्डाण नियंत्रणावर काम करणारे आपले इंजिनियर अमेरिकेत होते. त्यांना घरी पाठवलं, सामान तिथेच अडकलं. इथे त्या मंडळींनी एक अक्षम्य चूक केली. प्रकल्प गुंडाळायला जगन्मान्य कारण हातात असताना त्यांनी ते काम बंगळूरला बसून पुरं केलं आणि ४ जानेवारी २००१ ला विमान उडवून दाखवलं. अशा वेळी श्वेतपत्रिका काढायची असते हो!

समजा सगळं करूनही तुमचं यंत्र चुकून चाललंच, तर काळजी नको, चाचण्या आहेत. त्यांचं एक गोड नाव आहे: 'नो कॉस्ट, नो कमिटमेंट'. आपल्या भाषेत सांगायचं तर मुलगी घेऊन तुम्हीच या, कांदेपोहे तुमचे, गाडीभाडं तुमचं, आणि पसंती कळवायला आम्ही बांधील नाही. आमच्या एका मित्रानं ड्रोन बनवला होता. आधी उन्हाळ्यात वाळवंटात नेला, मग थंडीत डोंगरावर. बॅटरीसाठी गोधडी शिवून घेतली त्यानं, आईच्या जुन्या साड्यांची. १४ महिन्यांनी पत्र आलं की गरजेचं स्वरूप बदललं आहे. गोधडी मात्र टिकाऊ निघाली, अजून वापरात आहे.

ड्रोनवरून आठवलं. स्वदेशीचा आग्रह धराच, पण स्टिकरपुरता. २०२५ च्या सुरुवातीला ४०० ड्रोनचे करार लष्करानं रद्द केले, कारण आतले भाग चिनी निघाले. म्हणजे सीमेवर ज्याच्यावर नजर ठेवायची, नजर त्याच्याच कारखान्यातली. खोक्यावरचा सिंह तेवढा मेड इन इंडिया.

आणि फसायचं तर मुळीच नाही. १९५८ साली दोन भावंडं जन्मली, इकडे डीआरडीओ आणि तिकडे अमेरिकेत तशीच लष्करी संशोधनाची संस्था आर्पा, आताची डार्पा. तिकडच्याचे प्रकल्पप्रमुख साधारण तीन ते पाच वर्षांसाठी येतात आणि जातात. निवृत्तीपर्यंत एकाच खुर्चीत मुरण्याचं सुख त्यांच्या नशिबी नाही. २००४ मध्ये त्यांनी वाळवंटात बिनचालकाच्या गाड्यांची शर्यत लावली. २०० हून जास्त किलोमीटरच्या वाटेवर सर्वांत पुढे गेलेली गाडी १२ किलोमीटरच्या आसपास अडकली. बक्षीस कुणालाच नाही, जगभर हसू. आपल्याकडे यावर लेखापरीक्षणाचे ताशेरे आले असते, दक्षता विभागानं टायरच्या पावत्या मागवल्या असत्या आणि शर्यतीची कल्पना मांडणाऱ्याची बढती अडकली असती. त्यांनी निर्लज्जपणे पुढच्या वर्षी पुन्हा शर्यत घेतली आणि ५ गाड्या शेवटपर्यंत पोचल्या. आपल्याकडे फसण्याला शिक्षा आहे, उशिराला मुदतवाढ आहे. शहाण्यानं काय निवडायचं ते सांगायला नको.

वाईट संगतीपासून जपा. पाषाणच्या बाजूला जाऊच नका. तिथल्या एआरडीईनं, म्हणजे डीआरडीओच्या शस्त्रं बनवणाऱ्या प्रयोगशाळेनं, पिनाक रॉकेटं बनवली. ४४ सेकंदांत १२ सुटतात आणि कारगिलमध्ये ती वापरलीसुद्धा गेली. त्याच लोकांनी २०१३ मध्ये एका मोठ्या तोफेचं काम काढलं आणि एकाच आराखड्यावर भारत फोर्ज आणि टाटा अशा दोघांना कामाला लावलं. भिंतीला भिंत लावून दोन खानावळी असल्या की दोघींची आमटी सुधारते, तसं झालं. २०२० मध्ये चाचणीत नळी फुटली, माणसं जखमी झाली. चौकशीच्या नावानं दहा वर्षं सहज काढता आली असती. यांनी दोष शोधला, पुन्हा मैदानात गेले आणि मार्च २०२५ मध्ये ३०७ तोफांचा करार घेऊन बसले. ब्राह्मोसवाल्यांचंही तेच. ब्रह्मपुत्रा आणि मॉस्क्वा या नद्यांची नावं जोडली, भारत आणि रशिया दोघांनी कंपनीत पैसे घातले, १९९८ च्या फेब्रुवारीत करार केला आणि जून २००१ मध्ये पहिलं क्षेपणास्त्र सोडलंही. रशियाबरोबरच्या सहयोगाचा सभ्य नमुना हवा असेल तर पाचव्या पिढीच्या लढाऊ विमानाचा पाहा. २०१० मध्ये प्राथमिक आराखड्यासाठी २९.५ कोटी डॉलर दिले, २०१८ मध्ये बाहेर पडलो. कुणाचा आवाज नाही, कुणाला धूर नाही.

आठ-नऊ वर्षांत एक अडचण येईल, तेवढी सांगून ठेवतो. तुमच्या प्रकल्पातला तो दुर्मिळ सेन्सर एके दिवशी बुधवार पेठेतल्या दुकानात खोक्यात पडलेला दिसेल आणि दुकानदार म्हणेल, 'दोन घेतले तर कमी करतो.' गडबडून जाऊ नका. दुसऱ्या टप्प्याचा प्रस्ताव लिहायला घ्या आणि जुन्या नावाच्या आधी 'क्वांटम' जोडा. २०२३ च्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला ६,००३ कोटी मंजूर आहेत. एक सावधगिरी: आयआयटी दिल्ली आणि डीआरडीओच्या काही लोकांनी २०२२ मध्ये प्रयागराज ते विंध्याचल अशी १०० किलोमीटरवर क्वांटम किल्ली, म्हणजे गुप्त संदेशाचं कुलूप उघडणारा संकेत, खरोखर पाठवून दाखवली आहे, त्यांच्या शेजारी खुर्ची मागू नका. बॅनर जुनाच चालेल, सालावर कागद चिकटवा. शालही तीच, फक्त घडीवरचा डाग आतल्या बाजूला घ्या. नारळ तेवढा ताजा आणा.