लाइट सहा इंचांवर? आधी पट्टी घ्या

घरी समुद्री टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यात कोरल (प्रवाळ) वाढवायची काचेची टाकी, पाळणाऱ्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. गेल्या महिन्यात मला तो चार जणांनी पाठवला. त्यातल्या एकाकडे तर टँकच नाही. मजकूर थोडक्यात असा: लाइट पाण्यापासून सहा इंचांवर, बरोबर मधोमध टांगा. अंतर दुप्पट केलं की प्रकाश एक-चतुर्थांश होतो. शिवाय बाजूच्या काचांतून बराच प्रकाश निसटून जातो. आणि कोरल पांढरं पडायला लागलं तर लाइट आणखी खाली घ्या.

शेवटच्या सल्ल्याने कोरल मरतात, म्हणून आधी तोच.

कोरलच्या अंगात झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवालं राहतात आणि उजेडावर त्याच्यासाठी अन्न तयार करतात. उजेड कमी पडला तर कोरल सहसा पांढरं पडत नाही. उलट तपकिरी, मळकट होतं, कारण मिळेल तो उजेड टिपायला शैवालं आपलं रंगद्रव्य वाढवतात. पांढरं पडणं हे बहुतेक वेळा उजेड अती झाल्याचं किंवा पाणी तापल्याचं लक्षण. 2024 मध्ये लक्षद्वीपची प्रवाळं पांढरी पडली ती समुद्र तापल्यामुळे. सूर्य काही लांब गेला नव्हता.

हा धडा मी फुकट शिकलेलो नाही. मधल्या दगडावरच्या माझ्या लेदरची (हे देठ आणि टोपी असलेलं मऊ कोरल) टोपी फिकट होत चालली होती आणि मी शहाण्यासारखा लाइट दोन इंच खाली घेतला. आठवड्याभरात त्याने पॉलिप, म्हणजे फुलांसारखी बारीक तोंडं, बाहेर काढणंच सोडलं. मग नीट वाकून पाहिलं, तर टोपी पांढुरकी आणि तिच्या सावलीतला देठ चांगला तपकिरी. एकाच जिवावर दोन रंग, निदान समोर लिहिलेलं होतं. लाइट वर घेतला, तीव्रता निम्मी केली आणि दर आठवड्याला थोडी थोडी वाढवत नेली. रंग परतायला दीड महिना लागला. (भारतात दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 चं संरक्षण आहे. माझ्याकडे लेदर, मशरूम आणि झोआ ही दगडी सांगाडा नसलेली मऊ मंडळी एवढंच आहे; कोणी विचारायच्या आत सांगून टाकतो.)

आता ‘दुप्पट अंतर, चौथाई प्रकाश’. नियम खरा आहे, पण मेसेजवाल्याने पट्टी चुकीच्या जागी लावली. अंतर दिव्यापासून कोरलपर्यंत मोजायचं, पाण्यापर्यंत नाही. समजा वाळू पाण्याखाली 18 इंचांवर आहे. लाइट 6 वरून 12 इंचांवर नेला तर वाळूचं अंतर 24 वरून 30 होतं, दुप्पट नव्हे. तिथला उजेड एक-चतुर्थांश न होता 60 टक्क्यांच्या आसपास राहतो. काचांवरून परत फिरणारा उजेड यात धरलेलाच नाही. याच हिशेबातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: दगडाचं टोक पाण्याखाली 6 इंचांवर असेल, तर लाइट जवळ असताना टोकाला वाळूच्या चौपट उजेड मिळतो, लाइट 12 इंचांवर गेला की तो फरक पावणेतीन पटीवर येतो. वर भाजतंय आणि खाली उपाशी आहे, ही तक्रार तिथेच निम्मी मिटते. कमी पडलेला उजेड तीव्रता वाढवून भरून काढता येतो, त्यासाठीच कंट्रोलर असतो.

बाजूच्या काचांतून उजेड निसटतो, हे तर जवळजवळ उलटंच. किरण पाण्यात शिरताना वाकतो. हवेतून कितीही तिरका आला तरी पाण्यात त्याचा उभ्या रेषेशी कोन 49 अंशांपुढे जात नाही. पाण्यावर साधारण 60 अंशांपर्यंत तिरका पडलेला किरण काचेला इतका घासून भिडतो, की बाहेर न जाता पूर्ण परावर्तित होऊन आत येतो. मग समोरून टँक दिसतो कसा? कोरलवर आणि वाळूवर आपटून विखुरलेला उजेड बाहेर येतो म्हणून. अर्थात काच स्वच्छ हवी. मागच्या काचेवर कोरलाइन नावाचं गुलाबी शैवाल चढलं असेल तर तिथला उजेड ते खाऊन टाकतं.

खरा अपव्यय पाण्याच्या वर होतो, आणि इथे मेसेजवाल्याचं थोडं बरोबर आहे. 120 अंशांच्या लेन्सचा लाइट 9 इंचांवर टांगला तर पाण्यावर सुमारे 31 इंचांचं वर्तुळ पडतं. टँकची रुंदी 18 इंच असेल तर बाकीचा उजेड भिंतीवर आणि सोफ्यावर बसलेल्यांच्या डोळ्यांत.

पण म्हणून ‘मधोमध एकच’ चालत नाही. तोच लाइट 6 इंचांवर आणला की वर्तुळ 21 इंचांचं होतं. तीन फुटी टँकमध्ये दोन्ही टोकांना, वरच्या भागात, सात-सात इंच थेट उजेडच नाही. तिथल्या माझ्या झोआंच्या माना लांबत गेल्या होत्या, गर्दीत मागे उभ्या असलेल्या माणसासारख्या. शिवाय एकाच बाजूने पडलेल्या उजेडाची सावली गडद असते. लेदरसारखं छत्रीवजा कोरल आपल्याच पायाशी अंधार करतं. जवळ टांगलेल्या रंगीत एलईडींचे लाल-हिरवे ठिपके वाळूवर नाचतात ते वेगळंच.

आता माझ्याकडे दोन लहान लाइट आहेत, दोन्ही टोकांपासून नऊ-नऊ इंच आत, पाण्यापासून आठ इंचांवर, दोन्ही निम्म्याहून कमी तीव्रतेवर. मोबाइलच्या लक्स ॲपने मोजून पाहू नका. लक्सचं माप माणसाच्या डोळ्यासाठी, हिरव्याकडे झुकलेलं. निळ्या एलईडीचा उजेड त्यात भलताच कमी दिसतो. पाण्याखाली चालणारा पीएआर मीटर, म्हणजे शैवालांना अन्न तयार करायला उपयोगी पडणारा उजेड मोजणारा मीटर, एका दिवसासाठी उसना मिळाला तरी पुरतो. लेदर आणि मशरूमना त्या मीटरवर 50 ते 150 सहसा भरपूर होतं.