मोटर घरी उघडण्यावरून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, लगेच उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं पण सकाळी चहा घेतानाही तेच डोक्यात, म्हणून लिहितोय. ई-सायकलची हब मोटर (चाकाच्या मधोमध बसते ती) घरी उघडून, वॉर्निश मारून सील कशी केली ते मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की सिलिकॉन कुठलं ते सांगितलं नाही, पूर्ण सील केली की आत ओल धरते म्हणून खाली भोक ठेवायला हवं, वॉरंटी जाते, आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं देतो: "वायंडिंगचा गंध नसलेल्यांनी किचनच्या ओट्यावर असले उद्योग करून लोकांना नादी लावू नये."

सिलिकॉनचं बरोबर आहे तुमचं, मान्य. व्हिनेगरसारखा वास येणारं बाथरूमचं सिलिकॉन सुकताना ॲसिड सोडतं आणि तांबं खातं, न्यूट्रलच घ्यायचं. मी तेच घेतलं होतं, लिहायचं राहिलं. आज ती ओळ टाकतो.

पण "गंध नसलेल्यांनी"? तुम्ही मला ओळखता का?

माझे वडील, आण्णा, नाशिकच्या सातपूरला मोटर वायंडिंग करायचे, म्हणजे जळलेल्या मोटरीत तांब्याची तार नव्याने गुंडाळायचे. दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षवाल्यांच्या विहिरीवरच्या, बोअरच्या मोटरी यायच्या आमच्याकडे. शाळा सुटली की मी थेट दुकानात, जळलेली कॉइल छिन्नीने तोडायची आणि स्लॉटमधले जुने कागद ओढून काढायचे हे माझं काम. वॉर्निशचा वास अजून नाकात आहे माझ्या, आणि तुम्ही मला गंध नाही म्हणता! बोअरच्या पाणी भरलेल्या मोटरीत वायंडिंग पाण्यातच चालतं कारण त्या वायरवर प्लास्टिकचं वेष्टण असतं, हे मला सातवीत माहीत होतं. आण्णा म्हणायचे, पाणी मोटर मारत नाही, उघडं पडलेलं तांबं मारतं. माझा सगळा लेख त्या एका वाक्यावर उभा आहे आणि ते तुम्ही वाचलंच नाहीत असं मला वाटतं.

आता ओट्याचं. हो, ओट्यावरच केलं. मोटरीत लोहचुंबक असतात, ते गॅरेजच्या फरशीवरचा लोखंडाचा कीस ओढून घेतात आणि तो कीस मधल्या बारीक फटीत गेला की घासत बसतो. पुसलेल्या ग्रॅनाइटवर एक कण सुद्धा दिसतो. आण्णासुद्धा स्टेटर, म्हणजे मोटरीचा तार गुंडाळलेला न फिरणारा भाग, ठेवायच्या आधी टेबल ओल्या फडक्याने पुसायचे आणि मग कोरड्याने. वॉर्निशच्या आधी स्टेटर मी पत्र्याच्या पेटीत 100 वॉटचे दोन बल्ब लावून रात्रभर तापवला, ओल निघून जायला. हेही दुकानातलंच, भट्टी नव्हती तेव्हा आण्णा असंच करायचे. याला उद्योग म्हणायचं असेल तर म्हणा बापडे, पण मग माझ्या वडिलांनी आयुष्यभर उद्योगच केले असं होतं आणि ते मी ऐकून घेणार नाही.

आणि ही मोटर मी हौस म्हणून उघडलेली नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला तेव्हा आम्ही पंचवटीत राहायचो, सायकल वाड्याच्या दारात, पाणी ॲक्सलच्या वर. नंतर थ्रॉटल दिला की चाक जागच्या जागी थरथरायचं, पुढे जायचंच नाही. दुकानदाराने न उघडताच अख्खी मोटर बदला म्हणून सांगितलं. मी स्क्रू काढले, झाकण सैल केलं तर चहासारखं तपकिरी पाणी ओट्यावर आलं. वायंडिंग चांगलं होतं हो, हॉल सेन्सरच्या (चाक फिरताना कुठं आहे ते कंट्रोलरला सांगतात ते) तीन सिग्नल वायरींपैकी एकीचा टाका हिरवा पडून सुटलेला, बस एवढंच. आणि पाण्याची रेघ कुठून आली होती, तर जाड केबल पोकळ ॲक्सलमधून आत शिरते तिथून, झाकणाच्या कडेने नाही. म्हणून मी ते तोंड आधी बुजवलं आणि केबलला बाहेर खाली झोळ ठेवला, थेंब झोळावरूनच गळून जातो. टाका मारल्यावर 5 व्होल्ट देऊन चाक हाताने फिरवलं, तिन्ही सिग्नल मल्टीमीटरवर 0 आणि 5 मध्ये उड्या मारताना दिसले तेव्हा मला आण्णांची फार आठवण आली. ते असते तर बघून नुसते "हं" म्हणाले असते.

वॉरंटी तेव्हा संपलेलीच होती, तो विषय सोडा. भोकाचं म्हणाल तर ज्या भोकातून वाफ बाहेर जाते त्यातूनच चिखलाचं पाणी आत येतं, आणि वॉर्निशचे दोन हात मारल्यावर थोडी ओल राहिली तरी ती तांब्यापर्यंत पोचत नाही, तुमचं वेगळं मत असेल तर असू द्या.

राग आला म्हणून थोडं कडक लिहिलं गेलं असेल. पण तुम्ही स्वतः किती मोटरी उघडल्यात ते तुमच्या प्रतिक्रियेत कुठंच नाही. उघडली असेल तर ॲक्सलमधून केबल बाहेर येते तिथला फोटो टाका, मग भोकावर बोलू.