हात लावू नका, काका

निकालाच्या यादीत माझ्या नावापुढे वेळच नाही. तिथे लिहिलंय, डीएसक्यू. डिस्क्वालिफाइड, बाद. म्हणजे ७५० मीटर पोहलो, २० किलोमीटर सायकल हाणली, ५ किलोमीटर पळालो, आणि कागदोपत्री त्या रविवारी मी हॉस्टेलवर घोरत पडलो होतो.

हे अंतर म्हणजे ट्रायथलॉनमधलं बारकं पोरगं, स्प्रिंट. थोरला तो आयर्नमॅन: ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटर पळणं. हवाईत १९७८ साली तो पहिल्यांदा झाला तेव्हा पंधरा जण निघाले आणि बारा पोचले. लोक त्या बारांचं कौतुक करतात. मला हल्ली उरलेल्या तिघांची काळजी वाटते. त्यांना वाटेत कुणी काका भेटले होते का?

एक सांगतो, नियमांच्या बाबतीत माझ्याकडे बोट दाखवायला जागा नाही. पहिल्याच शर्यतीत पाण्यात कुणाची तरी टाच नाकावर बसली, गॉगल तलावाला अर्पण झाला आणि तेव्हापासून मी शहाणा झालो. विहिरीत पोहायला शिकलेला माणूस डोकं वर काढून पोहतो, कारण वरून कोण उडी टाकेल याचा नेम नसतो. इथे वरून कोणी येत नाही, लाथ पुढून येते. मग मी नियमपुस्तिकाच पाठ केली. हेल्मेटचं बक्कल लागल्याशिवाय सायकलला बोट लावायचं नाही. रेषा ओलांडल्याशिवाय सीटवर बसायचं नाही. बाहेरच्या माणसाची मदत घ्यायची नाही. चेन पडली तर ज्याची त्यानं बसवायची. ‘इंजिनिअरिंग मॅथ्स’ एवढं पाठ असतं तर घरी निकाल लपवावा लागला नसता.

चेन पडली ती बरोबर वडापच्या थांब्यासमोर.

सायकल मामेभावाची. गिअर टाकला की आधी खोकते, मग विचार करते. चेन निसटून चेनव्हील आणि फ्रेमच्या सांदीत अशी रुतली, की पाण्यात राहून सुरकुतलेल्या बोटांना पकडच मिळेना. थांब्यावर एक काका वडापची वाट बघत बसलेले. टोपी, खांद्यावर टॉवेल, पायाशी पेंडीचं पोतं. ते उठले.

“चेन पडली व्हय? सरक बाजूला.”

“काका, हात लावू नका!”

“का? शॉक बसतोय?”

“बाद करतील मला.”

“कोण?”

“ते मोटरसायकलवरून फिरतायत ना, ते.”

काकांनी रस्त्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, दंडावर मार्करनं लिहिलेला नंबर वाचला. “माझा हात लागला तर तू बाद?”

“होय.”

“म्हंजे शिवायचं न्हाई?”

“तसं नाही हो काका...”

“आरं, शाहू महाराजांनी कवाच बंद केलंय हे! आन् तुमी शिकली-सवरलेली पोरं सायकलवर पुन्ना चालू केलंय व्हय?”

आता यावर काय बोलणार? आणि तेही घड्याळ चालू असताना. मागून सायकली सूं सूं करत निघून जात होत्या. नियम समजावून सांगावा, तर मलाच ऐकताना तो बावळट वाटायला लागला.

काका दुखावले, पण गेले नाहीत. दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून माझ्या डोक्यावर उभे राहिले. “पस्तीस वर्षं दूध घातलंय सायकलवर. चार किटल्या, दोन्ही अंगाला. एक दिवस चेनीनं आडवलं न्हाई. ते पुढनं वढू नकोस. मागनं. मागनं म्हंजे तुझ्या मागनं न्हवं! आता प्यांडल उलटं फिरव. हळू. आरं, हळू!” मध्येच त्यांनी विचारलं, “पैला आला तर किती देत्यात?”

“ट्रॉफी.”

“आन् भरलं किती?”

मी आकडा सांगितला. काका बराच वेळ गप्प राहिले. एवढे गप्प तर ते चेनीबद्दलही नव्हते.

चेन बसली. माझ्या हातांनी, माझ्या दहा बोटांना लागलेल्या काळ्याकुट्ट ग्रीससकट. तेवढ्यात मार्शल आला. “मदत घेतली का कुणाची?”

“नाही सर.”

“न्हाई कशी?” काका पुढे झाले. “मी हुतो म्हणून बसली. आरं, सांग की सायबास्नी!”

त्यांचे हात स्वच्छ होते. मार्शलने हात बघितलेच नाहीत, नंबर तेवढा टिपला. मी निघालो, तेव्हा काका मागून ओरडत होते, “नाद खुळा, भावा! पैला येतंय बघा पोरगं!”

२०१६ साली मेक्सिकोत, कोझुमेलला, शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात ब्रिटनचा ट्रायथलॉनपटू जॉनी ब्राउनली उन्हानं लडखडायला लागला. त्याच्या सख्ख्या भावानं, ॲलिस्टरनं, त्याचा हात खांद्यावर घेतला, ओढत आणलं आणि रेषेपलीकडे अक्षरशः ढकलून दिलं. जॉनी दुसरा आला. तक्रार झाली, फेटाळली गेली, कारण खेळाडूनं खेळाडूला केलेली मदत तेव्हा नियमात बसत होती. भावानं ढकललं ते चाललं. ‘भावा’ म्हणणारा हात मागे बांधून उभा राहिला ते चाललं नाही.

बरं, माझ्याच शर्यतीत तीन लाखांच्या कार्बन सायकलवर एक डॉक्टर होते. पळण्याच्या टप्प्यात त्यांच्या मिसेसनी त्यांना शहाळ्याचं पाणी दिलं, तोंड पुसलं, ड्रायव्हरनं व्हिडिओ काढला. शेजारी मार्शल उभा होता. तो व्हिडिओत नीट दिसावा म्हणून बाजूला सरकला. शिट्टी कुठे गेली? आमच्यासारख्यांचं काय आहे, मेसचे पैसे वाचवून फी भरायची, आदल्या रात्री एसटीच्या टपावर सायकल बांधायची, आणि सामानाजवळ थांबायला कुणी नाही म्हणून चप्पल हरवायची. ऑलिंपिकमध्ये हा खेळ २००० पासून आहे. आमच्या कॉलेजात अजून पोचायचाय. क्रीडाशिक्षकांना सर्टिफिकेट दाखवायचं होतं, बुडालेल्या प्रॅक्टिकलची हजेरी मिळाली असती. त्यांनी निकालाचा कागद वाचून विचारलं, “डीएसक्यू म्हणजे कितवा नंबर?”

आयोजकांकडे दाद मागितली. लेखी तक्रार द्या, सोबत शुल्क भरा आणि साक्षीदार असेल तर आणा, असं सांगितलं. साक्षीदार एकच होता.

परवा गेलो वडापच्या थांब्यावर. काकांनी लांबूनच ओळखलं. “काय भावा, कितवा आलास?” सगळं सांगितलं. त्यांना मनापासून वाईट वाटलं. स्वतःच्या पैशानं चहा पाजला. यायचं कबूलही केलं. जाण्या-येण्याचं वडापचं भाडं आणि एक मिसळ, एवढ्यावर ठरलं.

“फक्त खरं काय ते सांगा,” मी म्हणालो. “चेनीला तुम्ही हात लावला नव्हता.”

काकांनी कप खाली ठेवला.

“हे बघ, साक्षीला म्हणशील तिथं येतो,” ते म्हणाले, “पण खोटं बोलायला लावू नकोस. चेन मीच बसवली.”