सोलापुरात लाकूड टिकत नाही म्हणे!

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच मेसेज चौथ्यांदा आला. घर बांधणाऱ्यांनी लाकडाला हात लावू नये, कारण लाकूड म्हणजे झाडांची कत्तल. सोलापूरच्या उन्हात ते तडकतं, उरलेलं वाळवी खाते. ते आगीला आमंत्रण. आणि किल्लारीच्या भूकंपात माणसं लाकडी माळवदाखालीच (लाकडी तुळयांवर माती टाकलेल्या छताखाली) गेली. म्हणून सिमेंट आणि अ‍ॅल्युमिनियम वापरा, घर ‘हेल्दी’ राहील. खाली हात जोडलेले. मी वीस वर्षं बांधकामावर सुतारकाम करून घेतोय, आता गप्प बसवत नाही.

किल्लारीपासून सुरू करतो, कारण भीतीचं मूळ तिथंच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सोलापूरही हललं होतं. पण तिकडं माणसं मारली ती दगडमातीच्या जाड भिंतींनी. ओबडधोबड दगड, मध्ये नुसती चिखलमाती, आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना बांधणारा आरपार दगड क्वचितच. धक्का बसला की भिंत पोट फुगल्यासारखी उकलायची. वर छतावर मातीचा थर, आणि गळतं म्हणून दर पावसाळ्याआधी त्यावर नवी माती. बऱ्याच घरांत भिंती ढासळल्या, पण खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला. तुळई खांबाऐवजी थेट भिंतीवर टेकवलेली असेल तिथं मात्र भिंतीबरोबर सगळंच खाली आलं. दोष मातीच्या जोडाईचा आणि वजनाचा. शिक्षा झाली लाकडाला. त्या धास्तीनं माळवद उतरवून पत्रे टाकलेल्यांनी पत्र्याखालचा एप्रिल कसा जातो ते सांगावं.

ऊन आणि तडे. लाकूड हलतं ते त्यातल्या पाण्यामुळं. वखारीतून ओलसर माल आणून पावसाळ्यात चौकट ठोकली, तर मार्चपर्यंत आमची कोरडी हवा त्यातलं पाणी ओढून घेणारच. लांबीत फरक जवळजवळ पडत नाही, रुंदीत पडतो. म्हणून दाराची मधली फळी आक्रसून फट दिसते. चांगला सुतार ती फळी खाचेत सैल ठेवतो, खिळ्यानं जखडत नाही. आणि माल आधी वाळवलेला असावा लागतो: इथं बसवताना ओलावा १०-१२ टक्क्यांच्या आसपास हवा. तो मोजायचं हातात मावेल एवढं यंत्र मिळतं. मी ते घेऊन वखारीत गेलो की चहा जरा उशिरा येतो, एवढंच. कुजवणाऱ्या बुरशीला साधारण २० टक्क्यांच्या वर ओलावा लागतो, तेव्हा लाकडाच्या दृष्टीनं कोकणापेक्षा सोलापूर कितीतरी बरं.

वाळवीचं म्हणणं मात्र निम्मं खरं आहे. ती जमिनीतून, फरशीत गाडलेल्या चौकटीच्या पायातून वर चढते. सागाचा गाभा तिला सहसा रुचत नाही, पण सालीलगतचं पांढरं लाकूड ती चवीनं खाते. एका पुरवठादारानं मला अशा पांढऱ्या पट्ट्याच्या चौकटी लाल प्रायमर फासून दिल्या होत्या. दोन वर्षांत बोट आत जायला लागलं. तेव्हापासून रंग न लावलेलाच माल घेतो, पाया भरतानाच वाळवीचं औषध टाकून घेतो आणि साध्या लाकडाला बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडचं पाणी देतो.

आग? लाकूड जळतं, वाद नाही. पण जाड तुळई बाहेरून कोळसा होत मिनिटाला एक मिलिमीटरही आत जात नाही, आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला काही काळ झाकतो. उघडं पोलाद ५५०-६०० अंशांना निम्मी ताकद गमावतं. खरी धास्ती पातळ पॅनेल, फोम आणि ओव्हरलोड वायरिंगची धरा.

आता झाडांची कत्तल. जंगलातला जुना साग चोरून तोडला जातो, त्याविरुद्ध बोलणाऱ्याच्या बाजूनं मी आहे. पण सिमेंट आभाळातून पडत नाही. चुनखडी भाजताना तिच्यातलाच कार्बन वायू होऊन सुटतो, भट्टीचं इंधन वेगळं. जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी ७-८ टक्के सिमेंटचा. नव्या अ‍ॅल्युमिनियमला किलोमागं १४ युनिटच्या आसपास वीज लागते, आपल्याकडं बहुतेक कोळशाची. (भंगारातून केलेल्याला फार कमी, हे मान्य.) उलट सुक्या लाकडाच्या वजनात निम्मा कार्बनच असतो, आणि दार भिंतीत आहे तोवर तो तिथंच राहतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागानं १९९३ मध्ये आपल्या इमारतींत लाकूड बंद केलं होतं. २०२० मध्ये ती बंदी उठवली. तेव्हा लागवडीचा साग, बांधावरची बाभूळ, कडुनिंब घ्या आणि पावती मागा.

‘हेल्दी’वर मेसेज सगळ्यात जास्त चुकतो, कारण जपायचं कशापासून ते तो सांगतच नाही. भरीव लाकडानं सहसा काही होत नाही. त्रास स्वस्त प्लाय आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) यांतल्या युरिया-फॉर्मल्डिहाइड डिंकाचा. फॉर्मल्डिहाइड माणसात कॅन्सर घडवतं, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये ठरवलं. उष्णता वाढली की तो वायू जास्त सुटतो. मे महिन्यात बंद फ्लॅट उघडल्यावर डोळे चुरचुरतात ते बऱ्याचदा यामुळंच. ई-वन किंवा ई-झिरो दर्जाचा, म्हणजे हा वायू कमी सोडणारा माल मागा, कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका, नवं फर्निचर आल्यावर काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवा.

आणि नवं लाकूड नकोच असेल तर पेठांतले जुने वाडे उतरतात तेव्हा तिथं जाऊन उभं राहा. पिढ्यान्‌पिढ्या वाळलेला साग तिथं जळणाच्या भावानं जाताना पाहिलाय. अशाच एका तुळईतून आम्ही तीन चौकटी काढल्या. फक्त करवतीवर चढवण्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा. आम्ही नाही शोधले, पातं गेलं.