पाच सुताचा ब्रेक

घरी रेसची गाडी बनवतोय हे कळलं की कोल्हापुरात माणूस पहिल्यांदा विचारतो, "किती पळती?" मग विचारतो, "किती घातलासा?" ती थांबते कशी, हे मात्र आजवर एकाही पठ्ठ्यानं विचारलेलं नाही. न विचारलेलंच बरं. त्या प्रश्नाचं उत्तर उभ्याउभ्या देता येत नाही.

गाडीचं मूळ इंग्लंडात आहे. लोटसच्या कॉलिन चॅपमननं 1957 साली 'सेव्हन' नावाची दोन माणसांची, अंगावर धड कपडे नसलेली गाडी काढली आणि ती सुट्या भागांतही विकायला ठेवली. तयार गाडीवर तिथं तेव्हा भरपूर कर होता, सुट्या भागांवर नव्हता. कर वाचणार असेल तर माणूस रविवारची झोप सोडून नटबोल्ट आवळायला तयार होतो, हे त्या साहेबानं बरोबर ओळखलं होतं. तेव्हापासून जगभर लोक आपापल्या शेडमध्ये त्या घराण्याच्या गाड्या जोडत बसलेत. आमचीही त्यातलीच. पंचवीस मिलिमीटरच्या चौकोनी पाइपचा सांगाडा आणि पुढं जिप्सीचं 1298 सीसीचं इंजिन. मारुतीच्या बहुतेक गाड्यांत इंजिन आडवं, जिप्सीत ते उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेनं, आणि आम्हाला तसंच पाहिजे होतं.

इंजिन बसलं, गिअरबॉक्स बसला, स्टीअरिंग बसलं. मेहुणा म्हणाला, "दाजी, आता काय, नुसती पेडलं!"

जिप्सीची पेडलं आमच्याकडं होती, पण ती वरून लोंबणारी. जिप्सीत माणूस ताठ बसतो, पाय खाली सोडतो. आमच्या गाडीत माणूस अर्धा झोपतो आणि पाय सरळ नाकासमोर पसरतो. वर लोंबायला जागा असती, पण तिथून स्टीअरिंगचा दांडा जातो. ब्रेकवर पायाचा जोर वाढवणारा तो गोल बूस्टर जिथं यायचा, तिथं एक्झॉस्टचा पाइप. म्हणून जमिनीवर बसणारी, खास रेसच्या गाड्यांसाठी बनवलेली पेडलं अमेरिकेतून मागवली. कस्टम ड्युटी किती लागली ते बायकोला अजून माहीत नाही, त्यामुळं इथंही लिहीत नाही.

वस्तू मात्र देखणी. मला विचाराल तर रेसच्या गाडीत इंजिनापेक्षा हुशार काही असेल तर ही ब्रेकच्या पेडलमधली आडवी दांडी. या ब्रेकला मास्टर सिलिंडर, म्हणजे ब्रेकचं तेल चाकांकडं ढकलणाऱ्या पिचकाऱ्या, दोन असतात, एक पुढच्या चाकांचा, एक मागच्या. पेडल या दांडीला मधे ढकलतं आणि दांडी दोन टोकांनी दोन सिलिंडर ढकलते. तराजूच्या दांडीसारखंच. दांडी फिरवून मध्य एका बाजूला सरकवला की त्या बाजूला जोर जास्त. पुढच्या चाकांना जोर जास्त लागतो, कारण ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढं येतं. मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी गर्रकन फिरते आणि आपण कुठून आलो ते आपल्याला दिसतं.

डब्यात एक कागद होता. त्यावर सगळी मापं इंचात. मेहुण्यानं लगेच फोन काढून मिलिमीटर करायला घेतलं : 15.875, 19.05, 7.9375. आम्ही होतो उद्यमनगरात, टर्नर मामांच्या लेथपाशी. मामा सत्तरीला टेकलेत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, एक सिलिंडर हातात घेतला, दुसरा घेतला आणि म्हणाले, "ह्यो पाच सूत. ह्यो सहा सूत. ह्याला ढकलायची दांडी अडीच सूत. त्यात मोबाईल कशाला रं पायजे?"

इंचाचे आठ सूत. अमेरिकेतला इंजिनीअर आणि मामा एकाच भाषेत बोलत होते, अडाणी आम्ही दोघंच. पाच सुताचा सिलिंडर पुढच्या चाकांना, सहा सुताचा मागच्या. बारीक सिलिंडरात दाब जास्त येतो : तेवढ्याच जोरात पाच सुताचा सहा सुताच्या जवळजवळ दीडपट दाब देतो. मामांनी हे गणित न मांडता सांगितलं. "बारकी पिचकारी लांब मारती," म्हणाले.

पण सूत जुळलं तरी आटे जुळायला पाहिजेत. सिलिंडरच्या या दांडीला इंचात 24 आटे. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात अडीच सुती नट मागितला की मिळतो तो जुन्या इंग्रजी मापाचा, 18 आट्यांचा. तो दीड वेढा आत जातो आणि तिथंच संसार मांडतो. पाइपांची गोष्ट तर त्याहून छळवादी. मारुतीच्या ब्रेक पाइपचा नट दहा मिलिमीटरचा. अमेरिकन सिलिंडरचं भोक तीन सुताचं, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. फरक जेमतेम अर्धा मिलिमीटर, आटेही दिसायला एकसारखे. नट भोकाच्या तोंडाशी येतो, बसेल बसेल असं वाटतं, आणि बसत नाही. फरक मोठा असता तर माणूस पहिल्या मिनिटाला हात टेकतो. हा अर्धा मिलिमीटर माणसाला दुपारभर आशेवर ठेवतो. शेवटी मामांनी षटकोनी सळईतून अॅडॅप्टर काढून दिले, एका अंगाला अमेरिका, दुसऱ्या अंगाला गुरगाव.

क्लचचं दुखणं वेगळंच. जिप्सीचा क्लच वायरवर चालतो आणि वायरला ओढ लागते. वरून लोंबणारं पेडल खालून दाबलं की त्याचं वरचं टोक मागं येतं आणि वायर ओढतं. आमचं पेडल जमिनीतून उगवलेलं, ते दाबलं की पुढं जातं. म्हणजे पेडल ढकलणार आणि वायर म्हणणार मला ओढा. यावर मेहुण्यानं काढलेल्या युक्त्यांत एक सायकलची कप्पी होती आणि एक गाडीचा मजला कापायची. शेवटी भंगारबाजारातून दुसऱ्याच गाडीचा हायड्रॉलिक स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे तेलाच्या दाबानं ढकलणारा, आणला आणि तो क्लच सोडवणाऱ्या काट्याला, म्हणजे फोर्कला, उलट बाजूनं ढकलेल असा बसवला. भंगारवाल्यानं विचारलं, "कुठल्या गाडीला?" मी सांगितलं. त्यानं पैसे आधी मागितले.

एवढं झाल्यावर पेडलं जागेवर आली आणि मग त्यात पाय घालायची वेळ आली.

त्या कागदावर प्रत्येक बोल्टचं माप होतं. पायाचं नव्हतं. चित्रात एक बिनचेहऱ्याचा माणूस पाय लांबवून आरामात बसलेला. अशा बांध्याचा माणूस आमच्या घराण्यात कधी झाला नाही. मी सहा फुटाला दोन बोटं कमी, मेहुणा सव्वापाच फुटी, आणि गाडी दोघांनी चालवायची असं कबूल झालेलं. त्याचा पाय पोचेल अशी पेडलं लावली की माझे गुडघे स्टीअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर येतात. माझ्या मापाला लावली की तो अंगठ्याच्या टोकानं ब्रेक शोधत बसतो. तिढा असा सुटला की पेडलं माझ्या मापाची आणि त्याच्या पाठीमागं गादीचा तुकडा. त्यावर त्यानं पाणउतारा झाल्यासारखं तोंड केलं, पण गादी स्वतःच उशी फाडून आणली.

पाय रुंदीलाही नडला. एका बाजूला गिअरबॉक्सचा बोगदा, दुसऱ्या बाजूला बाहेरचा पाइप, मधे तीन पेडलं आणि जन्मभर कोल्हापुरी चपलेत मोकळा पसरलेला माझा पंजा. ब्रेक दाबला की बुटाची कड अॅक्सिलरेटरही दाबायची. म्हणजे गाडी थांबवायचा प्रयत्न केला की इंजिन ओरडणार. रेसिंगमध्ये मुद्दाम असं करायची एक रीत आहे, हील अँड टो म्हणतात : ब्रेक दाबता दाबता पायाच्या कडेनं अॅक्सिलरेटरला टिचकी मारायची, म्हणजे खालचा गिअर झटका न देता पडतो. लोक ती शिकायला वर्षं घालवतात. "दाजी, तुम्हाला उपजतच येतंय की!" मेहुणा म्हणाला. अॅक्सिलरेटरचा पंजा सोडवून बाहेरच्या अंगाला सरकवला तेव्हा ती उपजत कला गेली.

आता ब्रेकची हवा काढायची. ज्यानं कधी घरी ब्रेकची हवा काढली नसेल त्याला सांगतो, संसाराची परीक्षा पत्रिकेत नसते, इथं असते. एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्यानं चाकापाशी निपल, म्हणजे हवा सोडायचा बारका स्क्रू, सैल करायचा, तेल आणि बुडबुडे बाहेर येतात, निपल आवळायचा, मगच पेडल सोडायचं. साधं. पण आमच्या ब्रेकला दोन सिलिंडर. एका बाजूची हवा काढताना दुसरी बाजू बंद असली तर मधली दांडी तिरकी होते आणि पेडल पुरतं खाली जात नाही. म्हणून पुढचा आणि मागचा निपल एकाच वेळी उघडायचा. पुढं मी, मागं मेहुणा आणि गाडीत बायको, पाठीमागं गादी लावून.

"दाब."

"दाबलं."

"धर हं."

"धरलंय. अहो, हे खाली चाललंय!" आणि पाय वर.

पाय वर आला की बाहेर काढलेली सगळी हवा परत आत. पण मी म्हणतो, ब्रेक खाली चाललाय म्हटल्यावर पाय कोण तिथं ठेवेल? तिला भीती वाटणं हेच शहाणपणाचं होतं. आमचंच तंत्र उलटं. पुन्हा सुरू. मी "सोड" म्हणतो तेव्हा मागून भाऊ ओरडतो, "ताई, सोडू नको!" त्याचं आवळून होतं तेव्हा माझा पाना निसटलेला असतो. दोन साहेब, एक शिपाई. मधेच मेहुण्यानं तेलाची बाटली नव्या रंगवलेल्या पाइपवर ठेवली. ब्रेकचं डॉट 4 तेल रंग खातं, आणि हवेतली दमट ओल पिऊन स्वतःही खराब होतं, हे बाटलीवर लिहिलेलं असतं. बाटली उचलली तेव्हा खाली रंगात बाटलीच्या बुडाचं गोल वलय उठलं होतं. ते अजून आहे.

शेवटी आतून आवाज आला, "आता मी सांगीन तेव्हा तुम्ही दोघांनी पाना फिरवायचा. मी बोलीपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही." त्यानंतर ब्रेक लागला. कडक, दगडासारखा.

मी खूश होऊन पेडलवर जोर दिला आणि मामांनी हात वर केला. पेडल दगड होतं, पण ते ज्या पत्र्यावर बसवलं होतं तो पत्रा श्वास घेत होता. दाबलं की पुढं, सोडलं की मागं. या पेडलचा हिशेब सहास एकचा : पायानं पन्नास किलो जोर लावला की सिलिंडरांवर, म्हणजे ते धरून ठेवणाऱ्या पत्र्यावर, तीनशे किलो. आणि माणूस घाबरला की पन्नासवर थांबत नाही. इंजिनीअरिंग कॉलेजची पोरं ज्या फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धांत गाड्या घेऊन जातात, तिथं नियमच आहे की ब्रेकच्या पेडलनं 2000 न्यूटन सोसले पाहिजेत. दोनशे किलो झाले. सहानं गुणा, बाराशे. अख्ख्या जिप्सीचं वजन याहून कमी. वेल्डर आला, पत्र्याखाली अँगल, कोपऱ्यांना त्रिकोणी पट्ट्या, सगळं भरून वेल्ड मारलं.

आता दोनशे किलोंची चाचणी कशी घ्यायची? दुसऱ्या गावांत यासाठी यंत्र लागत असेल. आमच्या गल्लीच्या टोकाला तालीम आहे.

मेहुणा जाऊन एका पैलवानाला घेऊन आला. त्यांना सांगाड्यात उतरवायला स्टीअरिंगचं चाक काढावं लागलं, मग ते बसले, मग चाक परत लावलं, कारण धरायला काही तरी पाहिजे म्हणाले. बूट काढले. मामा खडूनं पत्र्यावर खूण करून पट्टी धरून वाकले.

"दाबू?"

"दाबा. सावकाश."

"सावकाशच दाबतोय."

पत्रा हलला नाही. पेडल हललं नाही. मामांची पट्टी जागच्या जागी. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात मागून 'कड्' असा आवाज झाला आणि पैलवान, पाय पेडलवर तसेच ठेवून, अख्ख्या सीटसकट चार बोटं मागं गेले.

"ब्रेक झकास हाय," ते म्हणाले. "खुर्ची तेवढी बघा."

सीटचे मागचे दोन्ही ब्रॅकेट वाकून मजल्याला टेकले होते. त्यात पैलवानांची मांडी आणि स्टीअरिंग यांच्यामध्ये आता पाना घालायलाही फट उरली नव्हती, त्यामुळं चाकही निघेना. मामा पुढून दांड्याचा जोड सोडवायला गेले. मेहुणा वेल्डरला फोन लावत होता. पैलवानांनी तिथूनच हाक मारून दूध मागवलं, एक लिटर, बदाम घालून.