एकदाच सांगायचं

नाशिकच्या आमच्या श्वानवर्गातल्या निम्म्या कुत्र्यांचे मूळ मालक नाशकात राहतच नाहीत. कोणी बंगळुरूला, कोणी हिंजवडीत, एक तर थेट टोरांटोत. कॉलेजात असताना हट्टाने पिल्लू आणायचं, ‘मी सगळं करीन त्याचं’ अशी देवासमोर शपथ घ्यायची आणि नोकरी लागली की पिल्लू आई-बापाच्या गळ्यात बांधून विमानात बसायचं, अशी अलीकडची रीत आहे. पूर्वी मुलं घर सोडताना पुस्तकांची खोकी आणि तार तुटलेली गिटार मागे ठेवून जायची. ती निदान जिन्यात भुंकत नसत.

आमचा खंड्या असाच मागे राहिलेला. मुलाने इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना कॉलेजच्या फाटकापाशी भिजत बसलेला उचलून आणला. जात गावठी. आता गावठी म्हणत नाहीत, ‘इंडी’ म्हणतात. पिवळा रंग, उभे कान, पाठीवर गुंडाळलेलं शेपूट. त्याने सोसायटीच्या सेक्रेटरींची एक चप्पल नेली. एकच नेली, हा त्यांचा खरा राग. लस टोचलेली होती, परवाना काढलेला होता, पण सभेत या कागदांचा काही उपयोग झाला नाही. ‘कुत्र्याला वळण लावा’ असा ठराव झाला आणि मुलाने बंगळुरूहून फोनवरच ट्रेनिंगची फी भरून टाकली. ‘आई, तुम्हा दोघांना अ‍ॅनिव्हर्सरी गिफ्ट.’ आधी आज्ञा पाळायला शिकवणारं ओबीडियन्स, मग अडथळ्यांवरून पळवणारी अ‍ॅजिलिटी, असा पूर्ण कोर्स. आधीच्या वर्षी मिक्सर दिला होता. तो बरा होता.

वर्ग भरायचा गंगापूर रोडवरच्या एका लॉन्सवर. आषाढीला देव झोपले की चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात आणि एवढी मोठी हिरवळ रिकामी पडते. ट्रेनरने ती रविवार सकाळपुरती स्वस्तात मिळवलेली. ‘शुभविवाह’ लिहिलेल्या कमानीतून आम्ही पट्टे धरून आत शिरायचो, वर-वधूच्या स्टेजवर आमच्या पर्सेस आणि पाण्याची भांडी असायची. खंड्याला जागा फार आवडली. कुत्र्याच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी कोटींच्या हिशेबात मोजतात, माणसाच्या पन्नास-साठ लाखांत आटपतात. त्यामुळे आम्हाला जिथे नुसतं ओलं गवत दिसत होतं तिथे त्याला उन्हाळ्यातली सगळी लग्नं पदार्थांसकट कळत असावीत. कार्यालयाच्या स्वयंपाकघराच्या बाजूला तोंड करून तो बराच वेळ भक्तिभावाने उभा राहायचा.

ट्रेनर सिडकोतला, पंचविशीतला मुलगा. त्याला सगळे सर म्हणतात. तो कुत्र्यांना नावाने हाक मारतो आणि माणसांची नावं लक्षात ठेवायच्या भानगडीत पडत नाही. मी ‘खंड्याच्या मॅडम’, हे ‘खंड्याचे पप्पा’. सासूबाई मोकळ्या हवेसाठी म्हणून बरोबर यायच्या आणि मांडवातल्या लाल खुर्चीत बसायच्या. त्यांना त्याने पहिल्याच रविवारी ‘खंड्याची आजी’ करून टाकलं. त्यांनी ते कसं घेतलं ते मला कळलं नाही, पण घरी आल्यावर त्यांनी नातवाला फोन लावायला सांगितला.

पहिला नियम असा. ‘कमांड एकदाच द्यायची. द्यायची, थांबायचं. त्याने केलं की लगेच खाऊ. नाही केलं तर पुन्हा पुन्हा ओरडायचं नाही.’

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आमच्या घरात एकदा सांगितलेली गोष्ट लग्नापासून आजतागायत कोणी ऐकलेली नाही. ‘अहो, दुधाखालचा गॅस बंद करा’ हे मी पहिल्यांदा म्हणते तेव्हा ते हवेत विरतं. दुसऱ्यांदा म्हटलं की पेपरच्या आडून ‘अं?’ येतं. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत दूध येतं. सासूबाई जेवायला हाक मारतात त्यातल्या पहिल्या दोन हाका नुसत्या सूचनेदाखल असतात, हे खुद्द त्यांनाही मान्य आहे. या घरात वाढलेल्या प्राण्याने पहिल्या हाकेला उठावं तरी कशाला?

तरी मी प्रयत्न केला. ‘बस,’ म्हटलं. खंड्याने माझ्याकडे पाहिलं. ‘बस रे. बस ना राजा. बस बघू, शहाणा ना तू? ए खंड्या, बस म्हटलं ना!’ आणि तो बसला. मी विजयाने ट्रेनरकडे वळले.

‘मॅडम, त्याला वाटतंय कमांड एवढी लांब आहे. तुमचं पूर्ण होईपर्यंत तो थांबला,’ ट्रेनर म्हणाला. ‘कुत्रा आज्ञाधारक आहे.’

मग ह्यांची पाळी. हे बँकेतून निवृत्त झालेले, अनोळखी माणसांशी आणि कुत्र्यांशी इंग्रजीत बोलतात. ‘सिट डाऊन, प्लीज.’ खंड्या टेकला, मग पुढचे पाय पसरून आडवा व्हायला लागला, मग मध्येच थांबून अवघडलेल्या अवस्थेत आमच्याकडे बघत राहिला. सिट म्हणजे बसायचं आणि डाऊन म्हणजे पोटावर आडवं व्हायचं, या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. ह्यांनी दोन्ही दिल्या होत्या, वर विनंती जोडली होती.

गृहपाठ म्हणून फ्रिजवर कागद लागला. प्रत्येक कृतीला एकच शब्द, घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा. ‘बस’, ‘थांब’, ‘ये’, ‘सोड’. ‘थांब’ शिकवताना वेळ, अंतर आणि लक्ष उडवणाऱ्या गोष्टी या तिन्ही हळूहळू आणि एका वेळी एकच वाढवायच्या असतात. आमच्याकडे हे जमणं कठीण. दोन पावलं मागे सरकले रे सरकले की कुकरची शिट्टी होते, बेल वाजते आणि खाली भंगारवाला येतो.

खाऊचाही घोळ होता. ‘उकडलेलं चिकन, चण्याच्या दाण्याएवढे तुकडे,’ असं ट्रेनर म्हणाला तेव्हा श्रावण तोंडावर आला होता. गटारीनंतर चिकन घराच्या उंबऱ्याआत येणार नाही, हे सासूबाईंनी एकदाच सांगितलं आणि, आश्चर्य म्हणजे, सगळ्यांनी ऐकलं. मग पनीर. मी कमरेला पनीरची पिशवी बांधून उभी आणि शेजारी लॅब्रेडॉरच्या मॅडमच्या पिशवीत वाळवलेली कलेजी. खंड्या माझी आज्ञा पाळायचा आणि बक्षीस घ्यायला तिच्याकडे जायचा. त्यातच पूजेचा शिरा आला. द्राक्षं, मनुके, बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक असतात. नाशकात राहून द्राक्षाला परकं व्हायचं, हे त्या जिवाचं नशीबच म्हणायचं. आख्ख्या प्रसादातले बेदाणे मी चष्मा लावून निवडले आणि नंतर कळलं की त्याला शिराच नको होता, त्याला केळीचं पान हवं होतं.

क्लिकर हाती आला आणि घराची उरलीसुरली घडी विस्कटली. क्लिकर म्हणजे मुठीत मावणारी डबी, दाबली की ‘टिक्’ वाजते. कुत्र्याने बरोबर केलं त्याच क्षणी टिक् करायचं आणि मागोमाग खाऊ द्यायचा, म्हणजे नेमकं कशाचं बक्षीस मिळालं ते त्याला कळतं. कॅरन प्रायर नावाच्या बाईंनी १९६० च्या दशकात हवाई बेटांवर डॉल्फिनना शिट्टीच्या खुणेवर शिकवलं आणि पुढे त्यांनीच ही पद्धत कुत्रेवाल्यांपर्यंत पोचवली. पोहणाऱ्या डॉल्फिनच्या गळ्यात पट्टा घालता येत नाही, त्याचं मागचं अंग दाबून त्याला बसवता येत नाही, तेव्हा त्याला पटेल असंच शिकवावं लागतं. हे मला फार आवडलं. अट एकच: टिक् वाजलं की खाऊ द्यायचाच. चुकून वाजलं तरी द्यायचा, नाहीतर त्या आवाजाची पत जाते.

चुकून वाजायला आमच्याकडे हे आहेत. ह्यांच्या हातात काहीही दिलं तरी ते बॉलपेनसारखं वाजवत बसतात. रात्रीच्या बातम्यांत कोणी पक्ष बदलला की टिक्, पेट्रोल वाढलं की टिक्. प्रत्येक टिकला खंड्या उठून समोर हजर. बातम्या संपेपर्यंत वाटीभर पनीर त्याने जागेवरून न हलता कमावलं होतं. रागावायचं सोडून हे खूश. ‘बघ, पावलॉव! खुणेचा आवाज झाला की त्याच्या कुत्र्यांना खाण्याआधीच लाळ सुटायची. आणि गंमत माहितीये का, त्याला १९०४ साली नोबेल मिळालं ते याबद्दल नाहीच. ते मिळालं पचनक्रियेच्या अभ्यासाबद्दल.’

‘मग विचार त्यालाच,’ सासूबाई म्हणाल्या, ‘एवढं पनीर पचेल का याला.’

पचलं नाही. तपशिलात जात नाही.

दसऱ्यानंतर अ‍ॅजिलिटी सुरू झाली. इंग्लंडात क्रफ्ट्स नावाचं मोठं श्वानप्रदर्शन भरतं. तिथे १९७८ साली दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात प्रेक्षकांना कंटाळा येऊ नये म्हणून, घोड्यांच्या अडथळा शर्यतीच्या धर्तीवर कुत्र्यांना पळवून दाखवलं. लोकांना ते इतकं आवडलं की पुढे त्याचा स्वतंत्र खेळ झाला. आमच्या लॉन्सवर त्याची नाशिक आवृत्ती होती. प्लंबिंगच्या पाइपांचे अडथळे, गॅरेजमधून आणलेला टायर, सुताराकडून करून घेतलेली सी-सॉ आणि दोन फळ्यांचा उभा डोंगर. डोंगराच्या दोन्ही पायथ्यांना पिवळा रंग. त्या पिवळ्यावर पाऊल पडलंच पाहिजे, वरूनच उडी मारली तर चूक धरतात. शिवाय निळ्या कापडाचा लांबलचक बोगदा. तो बघताच हे म्हणाले, ‘अगं, ही तर नळी! यात शेपूट घालून शतकानुशतकांचा वाद एकदाचा मिटवून टाकू.’

खांबांतून नागमोडी जाणं सगळ्यांत अवघड. पहिला खांब कुत्र्याच्या डाव्या खांद्याशी राहील असं शिरायचं, एकही खांब न चुकवता बाहेर पडायचं. वर्गात एक बॉर्डर कॉली होती, ती शिलाई मशीनच्या सुईच्या वेगाने जायची आणि तिची मालकीण आमच्याकडे न बघितल्यासारखं करायची. खंड्याने खांब एकदा हुंगले, त्यातल्या एकाची योग्य ती दखल घेतली आणि तो बाजूच्या मोकळ्या गवतावरून सरळ दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. वाट मोकळी असताना खांबांतून कशाला जायचं, या त्याच्या प्रश्नाला ट्रेनरकडेही उत्तर नव्हतं. पगने आडवा दांडा बघितला आणि तो खालून चालत गेला. गोल्डनचं पिल्लू वर्षाच्या आतलं, म्हणून त्याच्यासाठी दांडा जमिनीवरच. हाडं पक्की होईपर्यंत उड्या मारायला लावत नाहीत. उतारवयातल्या गुडघ्यांसाठी अशी सवलत अजून कोणी काढलेली नाही. मालकालाही बरोबरीने पळावंच लागतं, कारण कुत्रा पळता पळता शब्द कमी ऐकतो आणि आपले खांदे नि पावलं कुठे वळली ते जास्त बघतो. माझे खांदे एकीकडे आणि पावलं दुसरीकडे वळतात, असा शोध या वयात लागला.

त्याहून विचित्र प्रकार म्हणजे आधी मालकांनी कुत्र्याविना मार्ग पाठ करायचा. हे स्पर्धांतही असतं. त्यामुळे एका सकाळी आम्ही सगळी पोक्त माणसं रिकाम्या लॉन्सवर हात पुढे करून, अदृश्य कुत्र्यांना ‘टनेल! टनेल!’ सांगत धावत होतो आणि कुत्री स्टेजला बांधलेली, रांगेत बसून बघत होती. वॉचमन बराच वेळ पाहत होता. शेवटी सासूबाईंजवळ येऊन हळूच म्हणाला, ‘आजी, ह्यांचं कोणाचं हरवलंय का काही?’

तुळशीचं लग्न जवळ आलं. एकदा मुहूर्त सुरू झाले की आम्हाला तिथे कोण उभं करणार? म्हणून ट्रेनरने शेवटच्या रविवारी सगळ्यांची एकेक फेरी ठेवली, नियम स्पर्धेचे. कुत्र्याला हात लावायचा नाही, खाऊ जवळ ठेवायचा नाही. मी पनीरची पिशवी आणि क्लिकर ह्यांच्याकडे देऊन ह्यांना शेवटच्या टोकाला उभं केलं.

खंड्या सुरेख पळाला. दांडे पार, टायर पार, डोंगराच्या पिवळ्यावर पाऊल पार. लॅब्रेडॉरच्या मॅडम चक्क टाळ्या वाजवत होत्या. मग तो बोगद्यात शिरला आणि आलाच नाही.

आदल्या रात्री तिथे कोणाच्या तरी नातवाचा पहिला वाढदिवस झाला होता. पोरं बोगद्यात घुसून खेळली होती आणि खेळताना हातातला पावभाजीचा पाव कोण खाली ठेवतं आणि कुठे ठेवतं याचा हिशेब कोणी ठेवत नाही. कापडाला मधोमध एक फुगवटा आला होता. तो चावत होता.

मी तोंडाशी वाकून म्हटलं, ‘ये.’

एकदाच. चातुर्मासभर ऐकलेलं मी त्या दिवशी पाळायचंच ठरवलं होतं. थांबले. फुगवटा चावत राहिला. जिभेवर ‘ये ना रे राजा’ आलं होतं, ते गिळलं. ट्रेनर घड्याळाकडे बघत होता. दुसऱ्यांदा हाक मारायची नाही, हात आत घालायचा नाही, मग राहिलं काय? मी ओढणी कमरेला खोचली आणि आत शिरले.

साठ सेंटिमीटर व्यासाच्या बोगद्यात पन्नाशी ओलांडलेलं माणूस मावतं, पण वळत नाही. निळ्या अंधारात कोपरांवर सरकत मी मध्यापर्यंत पोचले तेव्हा पुढे फक्त एक शेपूट दिसलं, नळीत असूनही नेहमीइतकंच वाकडं. पाव संपला होता. शेपूट उजेडाकडे निघालं आणि दिसेनासं झालं. बाहेर टाळ्या पडल्या. मागे सरकणं शक्य नव्हतं, म्हणून पुढेच रांगत गेले. दुसऱ्या टोकातून माझं डोकं बाहेर आलं त्याच क्षणी ह्यांच्या मुठीतून आवाज झाला: टिक्.

खंड्या ताबडतोब ह्यांच्यासमोर जाऊन बसला. न सांगता, ताठ. नियम म्हणजे नियम, ह्यांनी पिशवी उघडून त्याला पनीर दिलं.

‘अरे विनू,’ लाल खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या, ‘तिलाही दे की एक तुकडा.’